शेवाळ खाणारा मासा आणि 'आपोआप' स्वच्छ राहणारे पाणी : पावणेदोनशे वर्षांच्या एका समजुतीचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/
खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात मांडले की पहिले काही आठवडे आनंदात जातात. मग काचेवर तपकिरी थर येतो, खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ उगवते आणि हौशी माणूस सल्ला विचारू लागतो. उत्तर बहुधा एकच मिळते : 'शेवाळ खाणारा मासा सोडा, तो आपोआप साफ करील.' हा सल्ला नवा वाटतो. प्रत्यक्षात तो व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमध्ये जन्मला. त्यातील 'मासा' हा शब्द बव्हंशी खरा आहे. 'आपोआप' हा शब्द मात्र तेव्हाही खोटा होता आणि आजही आहे. या थ्रेडचा विषय तो दुसरा शब्द आहे.

२/
आधी विज्ञान थोडक्यात. शेवाळाला प्रकाश लागतो आणि नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये लागतात. बंद टाकीत ही द्रव्ये मुख्यतः माशांना घातलेल्या अन्नातून येतात. मासा शेवाळ खातो तेव्हा ती द्रव्ये टाकीबाहेर जात नाहीत; थोडी माशाच्या देहात साठतात, उरलेली अमोनिया आणि विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्यात येतात. म्हणजे मासा गवत कापतो, जमिनीतले खत काढून घेत नाही. हे साधे गणित ध्यानात ठेवले, की पुढचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

३/
१८४६ साली ॲना थिन ही स्त्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे गेली होती. तिचे पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये उच्च धर्माधिकारी होते. किनाऱ्यावर तिला मॅड्रेपोर, म्हणजे दगडी कवचाचे प्रवाळ, आढळले आणि ते जिवंत लंडनला नेण्याचा तिने निश्चय केला. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात हे जीव जगवायचे, तर पाण्यात प्राणवायू मिसळत राहणे आवश्यक होते. पंप नव्हते, वीज नव्हती. तिने शोधलेला उपाय अगदी साधा होता : उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे.

४/
हे ओतणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम होते आणि ते पुन्हा पुन्हा करावे लागे. ते करीत होती घरातली एक लहान मोलकरीण. थिनबाईंनी आपल्या टिपणांत तिचा उल्लेख केला आहे. काम थकवणारे असल्याचे मान्य करून, त्या मुलीला त्यात गंमत वाटत असल्याचेही लिहिले आहे. त्या मुलीला खरोखर काय वाटत होते, हे सांगणारे तिचे टिपण अर्थातच उपलब्ध नाही. पुढे थिनबाईंनी भांड्यात समुद्री वनस्पती घातल्या आणि प्रवाळ जगत राहिले. समुद्री मत्स्यालयाच्या इतिहासात हा प्रयोग 'संतुलना'चा आरंभ म्हणून सांगितला जातो. त्या मोलकरणीचे हात मात्र कथेतून वगळले जातात.

५/
१८४९ च्या सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यावर प्रयोग करीत होता. बारा-तेरा गॅलनच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, असा त्याचा हिशेब. पण पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व हिरवा थर खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली. १८५० मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'साफसफाई करणारा जीव' ही कल्पना येथे शास्त्रीय भाषेत प्रथम ठळकपणे अवतरली.

६/
लवकरच वॉरिंग्टनने हाच विचार खाऱ्या पाण्याला लावला. येथे गोड्या पाण्यातील गोगलगाईंची जागा पेरिविंकल या समुद्री गोगलगाईंनी घेतली. तिच्या जिभेवर सूक्ष्म दातांच्या रांगा असतात; काचेवरून सरकताना ती शेवाळाचा थर खरवडत जाते. निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस याला त्या जिभेच्या हालचालीत शेतात विळा चालवणारा माणूस दिसला. ही उपमा सुंदर आहे. तिच्यातून एक समजूतही पेरली गेली : टाकीत एक कामगार ठेवला की मालकाने नुसते बघायचे.

७/
१८५४ साली गॉसचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय इंग्लंडला मत्स्यालयाचे वेड लागले. पार्श्वभूमी तयारच होती. १८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळे किनारा काही तासांवर आला होता. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले होते. दिवाणखान्यात समुद्र ठेवता येतो आणि तो स्वतःला सांभाळतो, हे आश्वासन त्या काळाला फार रुचले. विश्वातली व्यवस्था एका काचपेटीत दाखवता येते, असा धार्मिक समाधानाचा भागही त्यात होता.

८/
पेट्या मात्र ते आश्वासन पाळीनात. खिडकीतल्या उन्हाने पाणी तापे, हिरवे होई, मृत जीव कुजत. दशकभरातच लाट ओसरली आणि असंख्य पेट्या माळ्यावर गेल्या. किनाऱ्यावर त्याचे परिणाम उरले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात, आपल्या बालपणीची खडकांमधली समृद्ध डबकी संग्राहकांच्या झुंडींनी कशी ओरबाडून नेली, याचा खेद नोंदवला आहे. वडिलांच्या पुस्तकांनीच लोकांना तिकडे वळवले, ही जाणीव त्या खेदाला अधिक बोचरी करते. टाकीतले 'संतुलन' टिकवण्यासाठी किनाऱ्यावरचे संतुलन खर्ची पडले होते.

९/
या अपयशातून योग्य धडा घेतला तो विल्यम ऑल्फर्ड लॉइड याने. हा मूळचा व्यापारी. लंडनमध्ये त्याचे मत्स्यालय-साहित्याचे दुकान होते. हिरव्या पाण्याचे मूळ अतिप्रकाशात आणि साचलेपणात आहे, हे त्याने ओळखले. प्रदर्शनातील टाक्यांहून कितीतरी मोठा पाण्याचा साठा अंधाऱ्या हौदात ठेवायचा आणि ते पाणी सतत फिरवत राहायचे, अशी त्याची पद्धत. १८६४ च्या हॅम्बुर्ग मत्स्यालयात आणि १८७१ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने या दिशेने काम केले. त्याचा भर शेवाळ खाणाऱ्या प्राण्यावर नव्हता. शेवाळ ज्या कारणांनी वाढते, ती कारणे त्याने हाताळली.

१०/
मोठी सार्वजनिक मत्स्यालये पुढे याच मार्गाने गेली : साठा, पंप, गाळणी आणि राबणारी माणसे. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्री मासा काचेआड पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हवरील, १९५१ मध्ये खुल्या झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. अशा कोणत्याही वास्तूत प्रेक्षकाला काचेची पुढची बाजू दिसते. मागची अरुंद वाट, ओले नळ आणि काच पुसणारा हात दिसत नाही. निसर्ग आपोआप चालतो असे वाटायला लावणारी ही रचनाच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी काचेच्या मागच्या बाजूला जाऊन बघायला हवे.

११/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती समुद्री टाकी पुन्हा अवतरली. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग याने एका अमेरिकी मासिकात आपली 'नैसर्गिक' पद्धत मांडली : समुद्रातून आणलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. पुढच्या दशकांत प्रवाळांच्या टाक्यांची हौस वाढली आणि प्रवाळांसाठी प्रखर दिवे आले. प्रवाळाला हवा असलेला तोच प्रकाश शेवाळालाही हवा असतो. लॉइडचा अंधार आता शक्य नव्हता. साहजिकच 'टाकीतला कामगार' परत आला. या वेळी तो गोगलगाईपुरता मर्यादित नव्हता. तो प्रवाळभित्तीवरचा मासा होता.

१२/
या माशांत अग्रस्थानी सर्जनफिश कुळ आहे. शेपटीच्या मुळाशी शस्त्रक्रियेच्या पात्यासारखा धारदार काटा, म्हणून हे नाव. यलो टँग हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. रॅबिटफिश आणि काचेवरचा थर खरवडणारा छोटा लॉनमोअर ब्लेनी हेही याच कामासाठी विकले जातात. हे मासे खरोखर शेवाळ खातात, यात वाद नाही. पण प्रत्येकाची आवड वेगळी. लाल-जांभळा चिकट थर हा बहुधा सायनोबॅक्टेरियांचा असतो; तो खरे शेवाळच नव्हे आणि बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. रोगाचे नाव न विचारता औषध देण्याचा प्रकार येथे सर्रास घडतो.

१३/
शेवाळ खाणाऱ्या जीवांचे महत्त्व किती, याचा सर्वांत कठोर पुरावा जमैकाने दिला. तेथील प्रवाळभित्तींवरून पॅरटफिश व इतर शाकाहारी मासे दीर्घकाळच्या अतिमासेमारीने जवळपास नाहीसे झाले होते. त्यांची जागा डायडेमा या लांब काट्यांच्या सी अर्चिनने घेतली होती. चरण्याचे सगळे काम एकाच प्रजातीवर आले होते. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. १९८३ मध्ये पनामाकडून पसरलेल्या रोगाने कॅरिबियनमधील बहुतांश डायडेमा मारले. मग शेवाळाला अडवणारे कुणीच उरले नाही.

१४/
१९९४ मध्ये टेरेन्स ह्यूज या संशोधकाने आकडे मांडले. जमैकाच्या भित्तींवरील प्रवाळांचे आच्छादन १९७० च्या दशकाच्या अखेरीस ५० टक्क्यांहून अधिक होते, ते ५ टक्क्यांखाली आले होते. मोठ्या शेवाळांचे आच्छादन ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले होते. 'मासा सोडा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने याहून बलवान साक्ष नाही. पण ही साक्ष पूर्ण ऐकायला हवी. तिच्यातून कळते ते असे की चरणारे जीव अनेक प्रकारचे आणि पुरेसे हवेत. सगळी भिस्त एकावर ठेवणारी व्यवस्था एका रोगात कोसळते. घरच्या टाकीत एक मासा सोडून निश्चिंत होणारा माणूस जमैकाचाच प्रयोग लहान प्रमाणात करीत असतो.

१५/
उलट बाजूचे उदाहरण भूमध्य समुद्राचे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील जीवांना उत्तरेची वाट मिळाली. रॅबिटफिशच्या दोन प्रजाती या वाटेने पूर्व भूमध्यात पोचल्या. पहिलीची नोंद १९२० च्या दशकातली. टाकीत ज्या कुळाचे मासे 'उपयुक्त' म्हणून सोडले जातात, त्याच कुळाच्या माशांनी तेथील खडकांवरची शैवालांची दाट राने चरून विस्तीर्ण भाग उघडेबोडके केले. त्या शैवालांच्या आसऱ्याने राहणारे असंख्य जीवही त्यांच्याबरोबर गेले. शेवाळ 'उपद्रवी' की 'जंगल', हे ठिकाण ठरवते. माशाला तो भेद कळत नाही.

१६/
तिसरे प्रकरण मोनॅकोचे. कौलेर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवेगार, कणखर शैवाल मत्स्यालयांत शोभेसाठी लाडके होते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात त्याचा जेमतेम एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. वेळीच कुणी उपटला नाही. पुढच्या वर्षांत तो हेक्टरांनी पसरला. अलेक्झांडर मेनेझ या शास्त्रज्ञाने धोक्याची घंटा वाजवली, तर संस्थांनी जबाबदारीवर वाद घातला. या शैवालात विषारी रसायन असल्याने तेथील चरणारे जीव त्याला टाळत. २००० मध्ये तेच शैवाल कॅलिफोर्नियात सापडले; तेथे माणसांनी ताडपत्री आणि क्लोरीन वापरून ते नष्ट केले आणि २००६ मध्ये मोहीम संपली. तिथे कोणताही मासा मदतीला आला नव्हता.

१७/
आता त्या पिवळ्या माशाच्या घराकडे. हवाईयन भाषेत यलो टँगला 'लाउईपाला' म्हणतात. टी नावाच्या झाडाच्या पिकल्या पिवळ्या पानावरून आलेले हे नाव. या प्रजातीचे काही मासे चाळीस वर्षांपर्यंत जगलेले आढळले आहेत. जगभरच्या टाक्यांसाठी हा मासा दशकानुदशके मुख्यतः हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पकडला गेला. १९७० च्या दशकापासून तेथे पकडणारे एका बाजूला आणि पाणबुडे व स्थानिक रहिवासी दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष चालू होता. दूरच्या दिवाणखान्यातली काच चकचकीत राहावी म्हणून आपल्या भित्तीवरचा मासा जावा का, असा तो प्रश्न होता.

१८/
१९९८ मध्ये हवाई राज्याने कायदा केला आणि पुढे पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ३५ टक्के भाग मत्स्यालयांसाठीच्या पकडीला बंद झाला. बंद क्षेत्रांत यलो टँगची संख्या वाढली. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणीय परीक्षणाशिवाय अशा व्यापारी पकडीचे परवाने देता येणार नाहीत, असा निर्णय दिला. दरम्यान २०१५ मध्ये हवाईतीलच ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँग बंदिस्त अवस्थेत वाढवण्यात यश मिळवले. म्हणजे आज टाकीत मासा सोडायचाच असेल, तर जोपासलेला मासा हा पर्याय उपलब्ध आहे. तो महाग वाटतो, कारण स्वस्त माशाची खरी किंमत आजवर दुसऱ्या किनाऱ्याने भरली.

१९/
हवाईचीच आणखी एक घटना या साऱ्या चर्चेचा कस लावते. माउई बेटावरील काहेकिली येथील भित्तीवर शेवाळ बोकाळले होते. २००९ मध्ये तेथे सर्जनफिश, पॅरटफिश आणि सी अर्चिन यांसारखे शेवाळ खाणारे जीव पकडण्यावर बंदी आली. इतर मासेमारी चालू राहिली. माशांकडून शेवाळ नियंत्रित करून घेण्याचा हा प्रयोग खुल्या समुद्रात, कायद्याच्या आधाराने झाला. पुढील वर्षांत पॅरटफिशचे प्रमाण वाढले. येथवरची कथा 'मासा सोडा' या सल्ल्याचा विजय वाटते.

२०/
पण त्याच किनाऱ्यामागे लहाइना येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते. तेथून दररोज सुमारे ४० लाख गॅलन प्रक्रिया केलेले पाणी खोल विहिरींत सोडले जाई. रंगद्रव्य मिसळून केलेल्या चाचणीत ते पाणी भूगर्भातून वाहत काहेकिलीच्या समुद्रात निघत असल्याचे सिद्ध झाले. पोषकद्रव्यांचा नळ चालूच होता! हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये न्यायालयाने ठरवले, की भूजलातून होणारे असे विसर्जन परिणामाने थेट विसर्जनासारखेच असेल, तर त्यालाही परवाना लागेल. माशांना वाचवणे योग्यच होते. नळाकडे दुर्लक्ष करून माशांवर सगळा भार टाकणे अयोग्य होते.

२१/
यावर आक्षेप येईल : समुद्र आणि चार फुटी टाकी यांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे, पण तो या मांडणीला बळच देतो. समुद्रात प्रवाह आहे, विस्तार आहे, माशाचे मलमूत्र वाहून नेणारे पाणी आहे. टाकीत यांतले काहीच नाही. जो उपाय समुद्रातही एकटा पुरत नाही, तो बंद पेटीत कसा पुरेल? दुसरा आक्षेप असा, की अनेकांच्या टाक्या मासा सोडल्यावर खरोखर सुधारल्या. तेही खरे. त्यांपैकी पुष्कळांनी त्याच सुमारास पाणी बदलले, खाणे कमी केले, गाळणी धुतली. श्रेय मात्र माशाला गेले. वॉरिंग्टनच्या गोगलगाईपासून श्रेयवाटपाची हीच रीत चालत आली आहे.

२२/
तेव्हा इतिहासातून निघणारा क्रम असा. प्रथम लॉइडचा धडा : पोषकद्रव्ये आणि प्रकाश यांवर नियंत्रण, म्हणजे बेताचे खाणे, नियमित पाणीबदल, मोजून ठेवलेले दिवे. मग थिनबाईंच्या मोलकरणीचा धडा : हाताने उपटणे, घासणे, शेवाळ टाकीबाहेर काढणे, कारण पोषकद्रव्ये खरोखर बाहेर जातात ती अशीच. त्यानंतर जमैकाचा धडा : चरणारे जीव एकाहून अधिक प्रकारचे, गोगलगाईंपासून माशांपर्यंत, टाकीच्या आकाराला झेपतील एवढेच. पोहायला लांब अंतर लागणारा सर्जनफिश छोट्या टाकीत कोंडणे हा उपाय नव्हे. आणि शेवटी हवाईचा धडा : मासा कुठून आला, हे विकत घेण्यापूर्वी विचारणे.

२३/
मासा हा टाकीचा रहिवासी आहे; त्याला नोकर म्हणून आणले की काम संपताच तो ओझे वाटू लागतो. शेवाळ संपल्यावर उपाशी राहणारे, किंवा 'आता काम नाही' म्हणून परत दिले जाणारे मासे या एका चुकीच्या शब्दाची किंमत मोजतात. महाराष्ट्रात डासांच्या अळ्यांसाठी विहिरींत गप्पी मासे सोडण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे; तिथेही साचलेले पाणी उपसणे, टाक्या झाकणे हे माणसाचे काम माशाने कधी रद्द केलेले नाही.

२४/
इतिहासाच्या वाचकांना येथून एक सवय नेता येईल. जिथे जिथे एखादी व्यवस्था 'आपोआप' चालते असे सांगितले जाते, मग ते काचपेटीतले पाणी असो, सुबत्तेतले घर असो वा एखादे साम्राज्य, तिथे पाणी कोण ओतत होते, हे विचारावे. १८४६ च्या त्या लंडनमध्ये, उघड्या खिडकीपाशी, एक मुलगी दोन भांडी घेऊन उभी होती. प्रवाळ जगले यात वनस्पतींचा वाटा आहेच. तिचाही आहे. तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

(थ्रेड समाप्त)